रिटर्नच्या आधी अर्धविराम हवा होता

"मावशी, उद्या सबमिशन आहे आणि माझा प्रोग्रॅम चालतच नाहीये," भाची दारातूनच म्हणाली. चप्पलसुद्धा काढली नव्हती अजून. फेब्रुवारीतला रविवार होता. ती पुण्यात पॉलिटेक्निकला आहे, कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला, तेव्हा दुसरं सत्र चालू होतं. दहावीपर्यंत बार्शीकडच्या गावात मराठी शाळेत शिकली. इथे हॉस्टेलवर राहते आणि रविवारी माझ्याकडे जेवायला येते.

मी वीसेक वर्षं सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काम करते. गाड्यांमध्ये जे छोटे कंट्रोलर असतात, त्यांचे प्रोग्रॅम लिहिण्याचं काम. त्यामुळे घरात सगळ्यांना वाटतं, मावशीने नुसतं बघितलं की झालं. आणि खरंच, जेवणानंतर तिने लॅपटॉप उघडला तेव्हा अर्ध्या मिनिटात मला सगळ्या चुका दिसल्या होत्या. बोटं कळांकडे निघालीही होती. मी ती मागे घेतली, खुर्ची थोडी लांब ओढली आणि तिला म्हटलं, "मी आज कीबोर्डला हात लावणार नाही. तूच करायचं. मी शेजारी बसून राहीन, कितीही वेळ लागू दे."

याला कारण आहे. मी शिकत होते तेव्हा आमच्या लॅबमध्ये टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरचा तो निळा पडदा असायचा. ऑल्ट-एफ नाइन दाबलं की कंपाइल, म्हणजे प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत बदलणं. कंट्रोल-एफ नाइन दाबलं की रन, म्हणजे चालवणं. एरर आली की आम्ही हात वर करायचो. मग शिकवणारे यायचे, खांद्यावरून वाकून दोन-चार कळा भराभर दाबायचे, प्रोग्रॅम चालायला लागायचा आणि ते पुढच्या मशिनकडे जायचे. काय चुकलं होतं ते मला कळायचं नाही. विचारायची हिंमतही व्हायची नाही, कारण मागे वीस जण हात वर करून उभे असायचे. पुढच्या आठवड्यात तीच एरर पुन्हा. माझं असं जवळजवळ एक वर्ष गेलं, आणि त्या वर्षाची हळहळ मला अजून आहे.

तिचं प्रॅक्टिकल साधं होतं. पाच विषयांचे गुण घ्यायचे, सरासरी काढणारं वेगळं फंक्शन, म्हणजे एक काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा, लिहायचं आणि मेनमधून, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या फंक्शनमधून, ते बोलवायचं. मेनमध्ये फारसं काही नव्हतं. फंक्शन असं होतं. आम्ही बोललो तशाच ओळी इथे देवनागरीत लिहिते (इंट म्हणजे पूर्णांक, फ्लोट म्हणजे दशांश असलेली संख्या):

फ्लोट ॲव्हरेज(इंट मार्क्स[], एन);
{
    इंट टोटल;
    फॉर (आय = ०; आय < एन; आय++)
        टोटल = टोटल + मार्क्स[आय]
    रिटर्न टोटल / एन;
}

लॅपटॉप माझाच जुना, तिला दिलेला. त्यावर उबुंटू १८.०४ ही लिनक्स प्रणाली आहे आणि तिच्यासोबत आलेला जीसीसी कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम कंपाइल करणारं सॉफ्टवेअर, सातवी आवृत्ती. हे मुद्दाम सांगते, कारण कंपायलर जुना-नवा असेल तसे त्याचे शब्दही बदलतात.

"चालव," मी म्हटलं. तिने कमांड दिली. एकच एरर आली, पण तिच्यामागे 'फेटल' असा शब्द होता: कोनिओ डॉट एच नावाची फाइल सापडत नाही. ती म्हणाली, "पण कॉलेजमध्ये चालतं ना हे!" चालणारच. कॉलेजच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी आहे. कोनिओ हा डॉस या जुन्या प्रणालीच्या काळातल्या कंपायलरांसोबत आलेला हेडर, म्हणजे तयार फंक्शनांची ओळख देणारी फाइल. सी भाषेच्या अधिकृत प्रमाणात (स्टँडर्डमध्ये) तो कधीच नव्हता, आणि लिनक्सवर तो मिळत नाही. पडदा पुसणारं सीएलआरएससीआर आणि कळ दाबेपर्यंत थांबवणारं गेटच, ही दोन्ही त्याच घरची. तिन्ही ओळी तिने काढल्या. व्हॉइड मेनचं इंट मेनही करायला लावलं, कारण ते लगेच होण्यासारखं होतं. ही चूक तिची नव्हतीच, म्हणून त्यावर मी जास्त बोलले नाही.

पुन्हा कंपाइल केलं आणि पडदा भरला. दहा एरर, एक वॉर्निंग.

तिचा चेहरा उतरला. "आधी एकच होती. आता दहा झाल्या. मी काहीतरी बिघडवलं." मी सांगितलं की पहिल्यांदा कंपायलर दारातच अडकला होता, आत आलाच नव्हता. आता तो घरभर फिरून आलाय. पण ती ऐकत नव्हती. माउस सरकवत ती भराभर खाली गेली, शेवटची एरर पाहिली, तिथल्या ओळीत एक कंस उगीच घातला, मग काढला. मग सातव्या ओळीत काहीतरी बदलायला गेली. मी विचारलं, "काय लिहिलंय तिथे? वाच ना मला."

"एरर लिहिलंय."

"त्याच्यापुढे?"

ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "ते इंग्लिशमध्ये आहे ना, मावशी. ते मी नाही वाचत. लाल अक्षर दिसलं की ओळीचा नंबर बघते आणि त्या ओळीत काय खटकतं ते शोधते."

माझ्यासाठी त्या दुपारचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. या पोरीला लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करवणं) कळत होता, ॲरे (एका नावाखाली अनेक संख्या) कळत होता, फंक्शन कशाला असतं तेही नीट सांगता येत होतं. अडचण सीची नव्हतीच. कंपायलर तिच्याशी बोलत होता, आणि ते बोलणं आपल्यासाठी नाही असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. शाळेत इंग्रजीच्या तासाला जी छाती धडधडायची तीच इथेही.

मी एक कोरा कागद घेतला. म्हटलं, आता एक नियम. सगळ्यात वरची एरर तेवढी बघायची, बाकीच्यांवर हात ठेवायचा. ती एक मोठ्याने वाचायची, मग मराठीत सांगायची, आणि मराठीत सांगून झाल्याशिवाय प्रोग्रॅमला हात लावायचा नाही.

सगळ्यात वरची होती सहाव्या ओळीची. तिने अडखळत वाचलं: "स्ट्रे... बॅकस्लॅश ३४२... इन प्रोग्रॅम." स्ट्रे म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. मी म्हटलं, रस्त्यावर स्ट्रे डॉग असतात ना. "मोकाट?" ती म्हणाली. "प्रोग्रॅममध्ये ३४२ मोकाट फिरतोय?" अगदी तेच. पण ३४२ तर तिने कुठे लिहिलाच नव्हता. त्या ओळीत फक्त पडद्यावर मजकूर दाखवणारं प्रिंटएफ होतं आणि अवतरणात 'एन्टर मार्क्स'. मी विचारलं, ही ओळ तू टाइप केलीस का? नाही. ग्रुपवर आलेल्या नोट्सच्या पीडीएफमधून उचलली होती. नोट्स वर्डमध्ये केलेल्या असणार, आणि वर्ड सरळ अवतरणचिन्हाचं आपोआप वळणदार चिन्ह करून टाकतो. छापायला ते सुरेख दिसतं. सीला मात्र सरळच लागतं. त्या वळणदार चिन्हाचे यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत, तीन बाइट (साठवणीचे तुकडे) होतात, अष्टमान पद्धतीत ३४२, २०० आणि २३४. सातव्या आवृत्तीचा जीसीसी या तिघांबद्दल तीन वेगळ्या तक्रारी करतो. मिटणाऱ्या चिन्हाच्या आणखी तीन. आणि अवतरण नाहीच म्हटल्यावर 'एन्टर' हा त्याला शब्द न वाटता एखादं व्हेरिएबल, म्हणजे किंमत ठेवायची नाव दिलेली जागा, वाटतं, म्हणून आणखी दोन. दहापैकी आठ एरर या एका ओळीच्या होत्या.

तिने खालच्या ओळीतलं अवतरणचिन्ह आणि हे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, अगदी पडद्याला नाक लावून. "दिसतंय! हे वाकडं आहे." पुसलं, हाताने टाइप केलं, कंपाइल केलं. दहाच्या दोन झाल्या. ती जी हसली तेव्हा, ते मला अजून दिसतंय.

एक जोड द्यायला हवी. आपली देवनागरी अक्षरंही यूटीएफ-८ मध्ये तीन-तीन बाइटांचीच असतात. सरळ अवतरणाच्या आत ती लिहिली तर कंपायलर त्यांना हात लावत नाही, जशीच्या तशी पुढे पाठवतो. हे सांगितल्यावर तिने 'एन्टर मार्क्स' पुसून तिथे 'गुण टाका' लिहिलं. सबमिशनला तसं चालणार नाही म्हणून नंतर बदललं, पण तोवर दुपारभर तिचा प्रोग्रॅम तिच्याशी मराठीत बोलत होता.

आता उरल्या दोन एरर आणि वर एक वॉर्निंग. वॉर्निंग नवव्या ओळीची, जिथे मेनमधून ॲव्हरेजला बोलावलं होतं: इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन. तिने विचारलं, ही बघायची का? सगळ्यात वर तर हीच आहे. मी म्हटलं, कागदावर लिहून ठेव, आधी एरर बघू. इथे मी चुकले. नियम मीच केला होता आणि पहिल्याच वळणावर मीच तो मोडला, आणि त्याची किंमत पुढच्या पंधरा मिनिटांत आम्ही दोघींनी मोजली.

तेरावी ओळ, फंक्शनचं नाव असलेली. "अननोन टाइप नेम एन," तिने वाचलं. मराठी करायला तिला वेळ लागला नाही: "एन नावाचा प्रकार मला माहीत नाही." पण लगेच भडकली. "एन हा प्रकार कुठेय? एन तर संख्या आहे!" मी काहीच बोलले नाही. तिने ओळ पुन्हा पाहिली. मेनमध्ये तिने 'इंट मार्क्स[५], आय' असं लिहिलं होतं. एका इंटमध्ये दोघांचं भागलं होतं. इथेही तेच गृहीत धरलं होतं, 'इंट मार्क्स[], एन'. पण फंक्शनच्या गोल कंसात तसं चालत नाही, तिथे प्रत्येकाला आपापला प्रकार सांगावा लागतो. स्वल्पविरामानंतर कंपायलर नव्या प्रकाराची वाट बघत होता, आणि त्याला भेटला एन. म्हणून त्याने एनलाच प्रकाराचं नाव समजून विचारलं, हा कोण. तिने एनच्या आधी इंट लिहिलं आणि मला म्हणाली, "म्हणजे तो मूर्खासारखं बोलत नाहीये. त्याला जे दिसतंय ते सांगतोय."

कंपाइल केलं. पुन्हा दोन एरर.

एक गेली आणि तिच्या जागी वेगळीच आली. 'कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स फॉर ॲव्हरेज.' तीही तेराव्या ओळीवर, आणि खाली नवव्या ओळीकडे बोट दाखवणारी एक टीप. ती पाठ टेकून बसली. "मी ते इंट काढू का परत?" एवढंच विचारलं तिने. शिकणाऱ्याच्या मनात हे हमखास येतं, की आपण बरोबर केलेलंच चूक होतं. इथे कुणी शेजारी नसलं तर माणूस बरोबर केलेलं पुसतो, आणि मग गोल गोल फिरत राहतो. माझ्या वेळी मी असंच पुसायचे. मी तिला सांगितलं, इंट बरोबर आहे, हलवू नकोस. आधी ही ओळ त्याला कळतच नव्हती. आता कळली, म्हणून ती आणि दुसरी एक ओळ यांचं जुळत नाही हे त्याच्या लक्षात आलं.

दुसरी ओळ कोणती? नववी. आणि नवव्या ओळीची वॉर्निंग कागदावर तशीच पडून होती.

मग मात्र आम्ही त्या वॉर्निंगवर नीट बसलो. कंपायलर फाइल वरून खाली वाचतो, आपण पुस्तक वाचतो तशी. नवव्या ओळीवर त्याला ॲव्हरेज भेटलं तेव्हा ते कोण, काय परत देतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं, कारण फंक्शन होतं तेराव्या ओळीवर. १९७०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी घडवली तेव्हाची रीत अशी होती की अनोळखी फंक्शन दिसलं तर ते इंट परत देतं असं धरून चालायचं. १९९९ च्या प्रमाणाने ही रीत भाषेतून काढून टाकली, तरी जीसीसी पुढे कितीतरी वर्षं नुसती वॉर्निंग देऊन ती चालवून घेत राहिला. २०२४ मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून हीच गोष्ट सरळ एरर झाली आहे, आणि ते फार बरं झालं असं माझं मत आहे. आमच्या जुन्या कंपायलरने नवव्या ओळीवर मनाशी 'इंट' धरलं, आणि तेराव्या ओळीवर तिचं फंक्शन म्हणालं, मी फ्लोट देते. दोन जबान्या जुळेनात.

"मग त्याला आधी सांगायचं कसं?" ती म्हणाली. "फंक्शन उचलून मेनच्या वर टाकू?"

तेही चाललं असतं. पण मी तिला म्हटलं, थांब, त्याआधी दुसरी एरर वाच. ती इतका वेळ तशीच होती, चौदाव्या ओळीवर, आणि तिला आम्ही अजून हात लावला नव्हता. 'एक्स्पेक्टेड आयडेंटिफायर ऑर गोल कंस बिफोर महिरपी कंस.' यातलं आयडेंटिफायर तिला अडलं, म्हणजे नाव. पण एक्स्पेक्टेड? तो तर तिला चांगलाच माहीत होता. परीक्षेच्या आधी ग्रुपवर 'एक्स्पेक्टेड क्वेश्चन्स' फिरतात! येतील असे वाटणारे प्रश्न. मग इथे? तिने कागदावर लिहिलं: 'महिरपी कंसाच्या आधी एखादं नाव येईल असं वाटलं होतं.'

चौदाव्या ओळीत महिरपी कंसाशिवाय काहीच नव्हतं. ती त्या कंसाकडे दोन मिनिटं बघत होती. मग बोट एक ओळ वर गेलं. मी श्वास रोखून बसले होते. बोट ओळीच्या शेवटी थांबलं.

"इथे अर्धविराम आहे."

"असू दे की. मग?"

"मग... वाक्य संपलं. त्याच्या दृष्टीने फंक्शनचं बोलणं तिथेच संपलं. खालचा कंस कुणाचा ते त्याला कळेना."

मी तिला काहीही सांगितलं नव्हतं. ओळीचा नंबर म्हणजे चुकीची जागा नव्हे. कंपायलर अडखळला ती जागा. ठेच लागते तिथे दगड असतो, पण कंपायलरच्या बाबतीत दगड बऱ्याचदा एक पाऊल मागे असतो. हे मी चार वेळा सांगितलं असतं तरी तिला असं कळलं नसतं.

आणि मग ती गोष्ट सांगण्याची वेळ आली जी मी मघापासून राखून ठेवली होती. अर्धविराम असलेली ती ओळ चुकीची नव्हती. फक्त चुकीच्या जागी होती. तीच ओळ, अर्धविरामासकट, मेनच्या वर ठेवली तर ती फंक्शनची आगाऊ ओळख होते. नाव काय, काय घेतं, काय देतं. सीमध्ये त्याला प्रोटोटाइप म्हणतात. शब्द तिने वर्गात ऐकला होता, व्हायवासाठी व्याख्याही पाठ होती. आता ती म्हणाली, "जर्नलच्या अनुक्रमणिकेसारखं. तिथे प्रॅक्टिकलचं नाव असतं, आत काय आहे ते नसतं." आणि ओळीची नक्कल करून तिने वर, हेडर मागवणाऱ्या इन्क्लुडच्या ओळीखाली, चिकटवली. खालच्या ओळीतला अर्धविराम काढला. एका बदलात वॉर्निंग गेली, दोन्ही एरर गेल्या, आणि नव्या दोन आल्या.

यावेळी ती घाबरली नाही. "आता तो फंक्शनच्या आत शिरला," ती म्हणाली.

खरंच होतं ते. आधी त्या पोरक्या कंसाला अडखळून त्याने आतलं सगळं ओलांडून टाकलं होतं. आता वाचायला लागला. सतराव्या ओळीवर: आय अनडिक्लेअर्ड, फर्स्ट यूज इन धिस फंक्शन. ती वाद घालायला लागली. आय तर आहे, मेनमध्ये लिहिलाय, हा बघ! मी म्हटलं, वाक्य पुरतं वाच. "इन धिस फंक्शन," तिने वाचलं, आणि थांबली. या फंक्शनमध्ये. मेनचा आय मेनच्या महिरपी कंसात जन्मला आणि तिथल्या कंसाबाहेर त्याला कुणी ओळखत नाही. "मग मार्क्स कसं चालतं? ते पण मेनचंच आहे." चांगला प्रश्न होता. मार्क्स आणि एन दारातून, गोल कंसातून, आत पाठवले होते. आयला कुणी पाठवलं नव्हतं, आणि पाठवायची गरजही नव्हती. मोजायला फंक्शनचा स्वतःचा आय असला की झालं. तिने इंट टोटलच्या पुढे स्वल्पविराम देऊन आय लिहिला.

उरली शेवटची. एकोणिसावी ओळ. मी खुर्चीवरून उठून चहा ठेवायला गेले. मुद्दामच गेले. स्वयंपाकघरात मला तिचा आवाज येत होता. "एक्स्पेक्टेड सेमीकोलन बिफोर रिटर्न." मग थोडा वेळ काही नाही. मग, स्वतःशीच, पण स्पष्ट: "रिटर्नच्या आधी अर्धविराम हवा होता. रिटर्नची ओळ बरोबर आहे. म्हणजे वरची." आणि कळ दाबल्याचा आवाज. नव्या कंपायलरांमध्ये हीच एरर आधीच्या ओळीच्या टोकाशी दाखवतात, जिथे अर्धविराम हवा तिथेच. सोयीचं आहे ते. पण त्या दिवशी जुना कंपायलर होता याचा मला आनंदच झाला.

चहा घेऊन आले तर पडद्यावर काहीच नव्हतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. नुसता चमकणारा कर्सर. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "काहीच नाही म्हणजे झालं?" सगळं ठीक असलं की हा कंपायलर एक शब्द बोलत नाही. नवख्या माणसाला ती शांतताही अवघड वाटते.

प्रोग्रॅम चालवला. गुण टाकले: ७१, ६८, ७४, ५९, ६६. सरासरी आली ६६२१.

मी तिला हसू दिलं नाही आणि रडूही दिलं नाही. म्हटलं, कंपायलरने भाषा तपासली, हिशेब तपासणं आपलं काम. बेरीज आधी हाताने कर. ३३८. भागिले पाच, ६७.६. मग मी विचारलं, टोटलमध्ये पहिला गुण मिळवण्याआधी काय होतं? "शून्य." कुणी ठेवलं? तिने ओळ पाहिली. 'इंट टोटल, आय.' कुणीच ठेवलं नव्हतं. फंक्शनच्या आतलं व्हेरिएबल सी स्वतःहून पुसून देत नाही. त्या जागी आधीच्या कामाचं जे उरलंसुरलं असेल तेच त्यात सापडतं. आज ६६२१ आलं, उद्या दुसरंच येईल, आणि कधी नेमकं शून्य असेल तर उत्तर बरोबरही येईल. मला विचाराल तर ती शेवटची शक्यता सगळ्यात वाईट, कारण तेव्हा चूक लपून राहते आणि परीक्षकासमोर बाहेर येते. माझ्या कामात तर चालत्या गाडीत.

टोटल शून्य केल्यावर उत्तर आलं ६७.००. दशांश कुठे गेला हे शोधायला मात्र तिला जवळजवळ अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात मी एकदाच बोलले. ती फ्लोटवर संशय घेत होती, प्रिंटएफवर संशय घेत होती. प्रिंटएफमध्ये दोन-तीनदा बदल करून झाले. मग मी विचारलं, पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं तर सी काय देतं? तिने ३३८ आणि ५ एका ओळीत लिहून वेगळा छोटा प्रोग्रॅम केला, स्वतःहून. ६७ आले. भागाकारातच ०.६ गळून पडलं होतं, फ्लोटपर्यंत पोहोचलंच नव्हतं. तिने टोटलचा प्रकार फ्लोट केला, आयला वेगळ्या ओळीत इंट दिला, आणि पडद्यावर ६७.६० आलं.

तेव्हा साडेसहा वाजले होते. दोन वाजता बसलो होतो. मी केलं असतं तर पाच मिनिटं. या हिशेबाचा मला जराही पश्चात्ताप नाही. तो कागद तिने घडी घालून जर्नलमध्ये ठेवला. त्यावर डाव्या बाजूला इंग्रजी एरर होत्या, उजव्या बाजूला तिच्या अक्षरात मराठी. मोकाट, अनोळखी, जबान्या जुळत नाहीत, हवा होता.

पुढच्या रविवारी आली ती वेगळाच प्रश्न घेऊन. फंक्शनला एन कशाला पाठवायचा? ॲरेला आपण केवढे आहोत ते माहीत नसतं का? तिला साइझऑफ कळलं होतं. पूर्ण ॲरेचा आकार भागिले एका घराचा आकार, की किती घरं ते मिळतं. मेनमध्ये तिने करून पाहिलं होतं, पाच येत होते. मी म्हटलं, कर फंक्शनमध्ये. तिने एन काढला, साइझऑफ घातला, कंपाइल केलं. एरर नाही, एक वॉर्निंग आली. यावेळी मी कागद बाजूला सारायला सांगितलं नाही, आणि तीही थांबली नाही. वाचत गेली: फंक्शनच्या पॅरामीटर ॲरेवर साइझऑफ लावलंय, ते इंट स्टारचा आकार देईल.

"इंट स्टार म्हणजे पॉइंटर. पॉइंटर म्हणजे पत्ता," ती म्हणाली. "म्हणजे मी फंक्शनकडे पाच गुण पाठवलेच नाहीत? नुसता पत्ता पाठवला?"

तिने तरीही चालवून पाहिलं. सरासरी आली ६९.५०. आधी गोंधळली, मग बोटं मोजली. पत्त्याचे आठ बाइट, एका इंटचे चार, म्हणून घरं दोन. ७१ आणि ६८, बेरीज १३९, तिची निम्मी. बरोबर ६९.५. फंक्शनने पहिल्या दोन विषयांचीच सरासरी काढली होती.

एन परत आपल्या जागी गेला. मी काही विचारायच्या आत तिने जर्नलमधून तो घडीचा कागद काढला, खाली एक ओळ भरली आणि मॅट्रिक्सच्या प्रॅक्टिकलचं पान उघडलं.